इंजिन बसले, क्लच सुटेना

जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन उतरवून, दुरुस्त करून पुन्हा जागेवर चढवणाऱ्याला सगळ्यात मोठी धास्ती असते ती इंजिन सुरू होईल की नाही याची. बहुधा ते होते. तेलाचा दाब चढतो, पहिला निळसर धूर विरतो, भोवती जमलेल्या चौघांचे चेहरे खुलतात. मग मालक क्लच दाबून रिव्हर्स टाकायला जातो आणि गिअरबॉक्समधून दातावर दात घासल्याची खरखर ऐकू येते. गिअर पडत नाही. जोर लावून पाडलाच, तर क्लच तळापर्यंत दाबलेला असूनही गाडी मागे सरकू लागते. गॅरेजच्या भाषेत, क्लच सुटत नाही.

इथून पुढे बरेचदा उलट्या दिशेने काम सुरू होते. कोणी म्हणते प्लेट उलटी बसली, कोणी म्हणते नवी प्रेशर प्लेटच खराब निघाली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत चेनकप्पी पुन्हा बॉनेटवर येते. इंजिन दुसऱ्यांदा उतरते, आत सगळे ठाकठीक सापडते आणि दोष होता तो बाहेर, हाताला सहज लागेल अशा जागी. या पुस्तकाचा सगळा रोख याच एका चुकीवर आहे. क्लचचा दोष बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या, आत आहे की बाहेर, हे इंजिनाला हात न लावता ठरवता येते. ते ठरवल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये.

उदाहरणासाठी निवडलेली गाडी आहे एमजीबी. निवडीमागे कारणे आहेत. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनली. उघडी रोडस्टर आणि बंद छताची जीटी मिळून ५ लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्या काळात स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हा आकडा थक्क करणारा होता, आणि त्यातला मोठा हिस्सा अमेरिकेला गेला. शिवाय हिचे सुटे भाग आजही मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेजने तर १९८८ पासून तिची संपूर्ण नवी बॉडीशेलसुद्धा बनवायला घेतली. त्यामुळे घरच्या गॅरेजात उघडली जाणारी जुनी स्पोर्ट्स कार म्हटले, की एमजीबीचे नाव पहिल्या दोन-तिनांत असतेच.

मराठी वाचकाला ही गाडी वाटते तेवढी परकी नाही. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातले. याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन आधी एमजीएमध्ये होते, आणि त्याच मापाचे बी-सिरीज इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षे धावले. ज्या मिस्त्रीने उमेदीच्या काळात अ‍ॅम्बॅसडरची इंजिने खोलली, त्याने एमजीबीचे बॉनेट उघडले तर ब्लॉकची ठेवण पाहून तो बिचकणार नाही. बिचकेल तो क्लचपाशी, कारण तिथे काही गोष्टी खास या गाडीच्याच आहेत.

इंजिनच्या फ्लायव्हीलवर प्रेशर प्लेट बोल्टने घट्ट असते. त्या दोघांच्या मध्ये क्लचप्लेट दाबून धरलेली. क्लचप्लेटच्या मधल्या खाचांमधून गिअरबॉक्सची शाफ्ट आत येते आणि तिचे टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या भोकातल्या पितळी बुशमध्ये टेकते. पॅडल दाबले की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायाफ्राम स्प्रिंगला मध्यावर रेटते, प्लेटवरची पकड सुटते आणि इंजिन फिरत राहिले तरी शाफ्ट थांबते. एवढेच. पकड सुटली हे ठरवणारे अंतर मात्र फार लहान असते, आणि खरी मेख तिथेच आहे.

पॅडलपासून क्लचपर्यंतचा निरोप तारेने जात नाही, तेलाने जातो. पॅडलजवळच्या मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच आणि बेलहाउसिंगवरच्या स्लेव्ह सिलिंडरचा सव्वा इंच. क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढले तर ते सुमारे २.८ येते. म्हणजे मास्टरचा पिस्टन ३५ मिलिमीटर सरकला, तर स्लेव्हचा पिस्टन जेमतेम साडेबारा मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच सरकणार. पायाला हलके वाटावे म्हणून अंतर देऊन जोर विकत घेतलेला आहे. आता हेच गणित तेलाच्या मापात करावे. सव्वा इंच व्यासाच्या पिस्टनला अर्धा इंच ढकलायला लागणारे तेल भरते सुमारे १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे. इंजिन चढवताना त्या नळीत दोन मिलिलिटर हवा राहिली, तर पॅडलचा जोर आधी ती हवा दाबण्यात जातो आणि स्लेव्हची चाल जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटते. अर्ध्या इंचातला पाचवा हिस्सा गमावणे या क्लचला परवडत नाही. त्याच्याकडे शिल्लक म्हणून ठेवलेले अंतर मुळात थोडेच आहे.

म्हणून पहिली तपासणी मोजपट्टीची. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट लावलेली, गाडी भक्कम स्टँडवर. एकाने खाली पाहायचे, दुसऱ्याने पॅडल तळापर्यंत दाबून धरायचे. स्लेव्ह सिलिंडरमधून निघणारा दांडा किती सरकला ते मोजायचे. सुमारे अर्धा इंच भरला आणि तरीही क्लच सुटत नसेल, तर दोष आत आहे. त्याहून ठळकपणे कमी भरला, तर दोष बाहेर आहे आणि इंजिनाला हात लावायचे कारण नाही. या एका मापाने निम्मे पुस्तक बाजूला पडते. कोणते निम्मे, ते माप सांगते.

दुसरी तपासणी रिव्हर्स गिअरची. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोमेश नाही. १९६७ च्या अखेरीस आलेल्या मार्क टू मॉडेलच्या आधी पहिल्या गिअरलाही नव्हता. सिंक्रोमेश असलेला गिअर थोड्याशा ओढणाऱ्या क्लचवर पांघरूण घालतो, रिव्हर्स घालत नाही. इंजिन संथ गतीवर ठेवून क्लच दाबावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. थांबायचे अशासाठी, की क्लच पूर्ण सुटला तरी आतली चाके स्वतःच्या वेगाने क्षणभर फिरत राहतात. लगेच टाकून खरखर झाली, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. थांबूनही झाली, तर क्लच ओढतो आहे. आणखी एक बारकावा असा, की आधी गिअर नीट पडला पण पॅडल दाबून धरता धरता गाडी हळूहळू ओढू लागली, तर मास्टर किंवा स्लेव्हची रबरी सील दाब सोडते आहे. दोन-तीनदा पॅडल मारल्यावर गिअर सहज पडत असेल, तर संशय हवेवर.

इंजिन उतरवण्याशी हवेचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. संबंध घट्ट आहे. गिअरबॉक्ससकट इंजिन उतरवताना काही जण नळी सोडवत नाहीत. स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्ट काढून बाजूला लटकवतात. त्यात शहाणपण आहे, तेल सांडत नाही. पण लटकलेल्या स्लेव्हचा पिस्टन अडवणारे आता काही नसते. गाडी ढकलताना कोणी सवयीने क्लचवर पाय ठेवला, की पिस्टन भोकाच्या बाहेर येतो, त्याच्यासोबत तेल जाते आणि आत हवा शिरते. दुसरा प्रकार जुन्या रबरी नळीचा. वर्षानुवर्षे एकाच वळणात बसलेली नळी इंजिन बाहेर असताना वाकते, पिळली जाते आणि आतून तिचे पापुद्रे सुटतात. बाहेरून ती धडधाकट दिसते. कधी दाबाखाली फुगते आणि चाल खाते. कधी आतला पापुद्रा झडपेसारखा वागतो, मग तेल स्लेव्हकडे जाते पण परत लवकर येत नाही आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. इंजिन बाहेर असताना ही नळी बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. इंजिन बसल्यावर तेच काम आडवे पडून, हाताची साले काढून करावे लागते.

या गाडीची हवा काढणे ही एक स्वतंत्र कटकट आहे. मास्टर वर आणि स्लेव्ह खाली. नेहमीच्या पद्धतीने पॅडल मारून तेल खाली ढकलायचे म्हटले, तर तेल खाली जाते आणि बुडबुडा वर येऊ पाहतो. पाय उचलला की तो पुन्हा होता त्या जागी. एमजीबीवाल्यांनी त्यावर दोन इलाज शोधले. पहिला असा, की स्लेव्ह सुटा करून हवा काढायचे निपल सर्वांत वर येईल असा धरायचा आणि पिस्टन पूर्ण आत दाबायचा. कोपऱ्यात दडलेली हवा वरच्या वाटेने मास्टरकडे निघून जाते. दुसऱ्यात ब्रेकच्या पॅडलने क्लचची हवा काढतात. पुढच्या चाकाच्या ब्रेकचे निपल आणि स्लेव्हचे निपल तेलाने भरलेल्या पारदर्शक नळीने जोडायचे, दोन्ही सैल करायचे आणि ब्रेकचे पॅडल सावकाश दाबायचे. तेल खालून वर चढते आणि हवेला तिच्या नैसर्गिक दिशेनेच बाहेर काढते. मात्र पॅडल सोडण्याआधी दर वेळी ब्रेकचे निपल बंद करावे लागते, नाहीतर तेल उलटे ओढले जाते. ब्रेकची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, क्लचची ओसंडू द्यायची नाही, आणि काम झाल्यावर ब्रेक स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग उचलते, हेही आलेच. टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही पडू देऊ नये. सगळी रबरी सील फुगून निकामी होतात.

हवा निघाली, तेल गळत नाही, तरी चाल कमीच भरते? मग पॅडलच्या मुळाशी पाहावे. पॅडल आणि मास्टरचा दांडा यांना जोडणारी क्लेव्हिस पिन ही क्लचमधली सगळ्यात स्वस्त वस्तू. तीच सगळ्यात जास्त फसवते. चाळीस-पन्नास वर्षांत पिन कमरेत झिजते, पॅडलचे गोल भोक लांबट होते, आणि पॅडलचा सुरुवातीचा प्रवास ही ढिलाई भरून काढण्यातच संपतो. नवा मास्टर, नवा स्लेव्ह, नवी नळी घालूनही तक्रार कायम राहिलेल्या गाड्यांत अनेकदा हीच पिन निघते. नुसती नवी पिन घालून भागत नाही. लांबट झालेले भोक वेल्डिंगने भरून पुन्हा गोल पाडावे लागते.

काही जण या टप्प्यावर अ‍ॅडजस्टमेंटचा नट शोधू लागतात. तो नाही. एमजीबीच्या स्लेव्हचा दांडा ठरावीक लांबीचा असतो आणि क्लचप्लेट झिजेल तसा पिस्टन आपोआप मागे जागा घेतो. लांबी बदलता येणारा दांडा बनवून बसवणारे हौशी आहेत, पण त्याने चाल वाढत नाही. पिस्टन सुरुवात कुठून करतो एवढेच बदलते. चाल ठरते ती मास्टरने ढकललेल्या तेलावर.

आता आतला दोष. मोजपट्टी अर्धा इंच दाखवते आणि रिव्हर्स तरीही ओरडतो, तेव्हा मात्र चेनकप्पीला पर्याय उरत नाही. आत काय असू शकते, याची यादी लांब असली तरी दोन दोष सर्रास आढळतात आणि दोन्ही माणसाच्या हातून घडलेले असतात.

पहिला, क्लचप्लेट उलटी बसणे. प्लेटच्या मधल्या भागाची एक बाजू जास्त पुढे आलेली असते आणि ती गिअरबॉक्सकडे हवी. उलटी बसली तर तो उंचवटा फ्लायव्हीलच्या बोल्टवर टेकतो आणि पकड कधीच पूर्ण सुटत नाही. बऱ्याच प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कोणती ते छापलेले असते. तरीही ही चूक होते, कारण बसवताना प्लेट दोन्ही बाजूंनी तितकीच खरी वाटते.

दुसरा दोष जास्त दुष्ट आहे, कारण तो घडताना कळत नाही. एमजीबीत गिअरबॉक्स गाडीतच ठेवून नुसते इंजिन काढता येते. बसवताना मग इंजिन लोंबकळत्या अवस्थेत मागे सरकवून शाफ्ट प्लेटच्या खाचांत आणि तिथून पितळी बुशमध्ये घालावी लागते. शेवटची बोटभर फट राहते आणि इंजिन आणखी मागे सरकेनासे होते. धीर सुटलेला माणूस तेव्हा बेलहाउसिंगचे बोल्ट आवळून फट मिटवतो. किंवा शाफ्ट अर्धी आत गेलेली असताना चेन सैल पडते आणि सगळे वजन क्लचप्लेटच्या मधल्या भागावर येते. प्लेट किंचित वाकते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण फिरताना एका बाजूने फ्लायव्हीलला घासत राहते आणि क्लच ओढतो. फट मिटत नसेल तर प्लेट मध्यावर नाही किंवा खाचा जुळलेल्या नाहीत एवढाच अर्थ घ्यावा. गाडी गिअरमध्ये टाकून क्रँक थोडी फिरवावी, जॅकने गिअरबॉक्सचा कोन जुळवावा. इंजिन हाताने ढकलून बसले पाहिजे. बोल्टचे काम त्याला धरून ठेवण्याचे आहे, ओढून आणण्याचे नाही. म्हणूनच जाणकार लोक वेळ जास्त लागला तरी इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर जमिनीवर जोडून, जोडी एकत्रच चढवतात. या पुस्तकाचा कौलही त्याच बाजूने आहे.

बाकीचे दोष थोडक्यात. पितळी बुश कोरडे बसवले तर शाफ्टला धरून ठेवते. रिलीज बेअरिंगला ढकलणाऱ्या फोर्कच्या खिळीतले बुश झिजले तर दांड्याची चाल बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही. बेअरिंग फोर्कला धरणाऱ्या दोन लहान क्लिपांपैकी एखादी निसटली तर बेअरिंग तिरके होते. या गाडीचे मूळ बेअरिंग गोळ्यांचे नसून कार्बनच्या कड्याचे आहे. ते प्रेशर प्लेटवरच्या गुळगुळीत कड्यावर घासत काम करते. सिग्नलला क्लच दाबून उभे राहण्याची सवय त्याला झपाट्याने खाते. त्याऐवजी गोळ्यांचे बेअरिंग बसवण्याची हौस सावधपणे करावी, कारण इथे फोर्क बेअरिंगला सरळ रेषेत न नेता कमानीत नेतो आणि कार्बनला ते चालते, गोळ्यांच्या बेअरिंगला चालेलच असे नाही.

मोजपट्टी बाहेर बरोबर आणि आत गडबड, याचा सगळ्यात बोलका नमुना एमजीबीत नव्हे, तिच्या प्रतिस्पर्धी ट्रायम्फ टीआर मालिकेत सापडतो. टीआर ४ ते टीआर ६ या गाड्यांत रिलीज फोर्क आडव्या शाफ्टवर एका निमुळत्या पिनेने बसवलेला असतो. ती पिन आतल्या आत तुटते. पॅडल छान लागते, स्लेव्ह पूर्ण सरकतो, बाहेरचा लिव्हर दिमाखात फिरतो आणि क्लच ढिम्म. सुदैव एवढेच, की टीआरचा गिअरबॉक्स केबिनमधला बोगद्यासारखा आवरणाचा भाग काढून गाडीच्या आतून काढता येतो, इंजिन हलवावे लागत नाही. म्हणून टीआरवाले बहुतेक नवी पिन बसवताना फोर्कमधून आरपार एक जादा बोल्टही टाकून ठेवतात.

महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकांसाठी एक कारण मुद्दाम वेगळे काढले आहे. गाडी वर्षभर खोललेली राहिली आणि त्यात मुंबईचा किंवा कोकणपट्टीचा एक पावसाळा गेला, तर फ्लायव्हीलच्या उघड्या पृष्ठभागावर गंज धरतो. इंजिन बसवून गाडी पुन्हा दोन-चार महिने उभी राहिली, की क्लचप्लेट तिथेच चिकटते. लक्षण हुबेहूब न सुटणाऱ्या क्लचचे, मोजपट्टीवर चाल पूर्ण. अशा वेळी इंजिन लगेच उतरवू नये. पॅडल दाबलेल्या स्थितीत लाकडाच्या दांड्याने अडकवून गाडी रात्रभर ठेवली, तर कधी कधी प्लेट स्वतःहून सुटते. गिअरमध्ये स्टार्टर मारून हिसका देण्याचा जुना उपाय आहे, पण तो मोकळ्या मैदानातच, समोर भिंत आणि माणूस नसताना करावा. बसवण्याआधी फ्लायव्हीलचा पृष्ठभाग साफ करून तेलकटपणा पुसला, तर ही वेळच येत नाही.

क्लचशी थेट संबंध नसलेली, पण याच कामात हमखास विसरली जाणारी एक गोष्ट इथेच सांगून टाकावी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध एका जाड अर्थिंग पट्टीनेच जोडलेला असतो. ती परत लावायची राहिली, तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह परतीची वाट चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून काढतो. तार तापते, प्लॅस्टिक वितळते, आणि मालक जळक्या वासाने घाबरून भलतीकडेच शोध घेत बसतो.

पुढच्या प्रकरणांची मांडणी अशा क्रमाने केली आहे. आधी मोजमाप, मग पॅडल, मग तेल आणि नळ्या, आणि सर्वांत शेवटी बेलहाउसिंगच्या आतले. क्लच घसरणे आणि हिसके देणे हे उलट प्रकारचे दोष परिशिष्टात आहेत, कारण इंजिन नुकतेच बसवलेल्या गाडीत त्यांचे मूळ बहुधा प्लेटवर सांडलेले तेल, खाचांना चोपडलेले जादा ग्रीस किंवा सैल राहिलेले माउंटिंग यांतच असते.

ज्यांचे इंजिन अजून बाहेर आहे, त्यांनी पहिली तीन प्रकरणे राहू द्यावीत आणि थेट चौथ्याकडे वळावे. प्लेटची बाजू, पितळी बुश, फोर्कचे बुश, बेअरिंगच्या क्लिपा आणि रबरी नळी एवढे आज तपासून घ्यावे, कारण आज त्याला एक दुपार लागेल. ज्यांचे इंजिन बसले आहे आणि क्लच सुटत नाही, त्यांनी हत्यारे खाली ठेवावीत, एक माणूस पॅडलवर बसवावा आणि मोजपट्टी घेऊन पहिले पान उघडावे.